सनद कुठवर पोचते?

सनद, सही, तारीख, जईफ हे चार शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते कधीकाळी बाहेरून आले याची आठवणही उरलेली नाही. वतनाची सनद असते, अर्जाखाली सही असते, कोर्टात तारीख पडते आणि घरातला जईफ माणूस ओट्यावर ऊन खात बसतो. फारसी कारभाराच्या वाटेने हे शब्द आपल्याकडे आले. पण त्याआधी कित्येक शतके बसरा, कूफा, मदीना, बगदाद या शहरांत हेच अरबी शब्द एका वेगळ्या कामाला जुंपलेले होते. हजरत महंमद पैगंबरांचे म्हणून जे बोल आणि जी वर्तने लोक सांगत, ती म्हणजे हदीस. ती खरोखर त्यांचीच आहेत का, याची शहानिशा करण्याचे ते काम. तिथे सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी : मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, अशी थेट पैगंबरांपर्यंत जाणारी. सहीह, म्हणजे आपली ‘सही’, हा निकाल होता : कथन निर्दोष. जईफ हाही निकालच : कथन कमजोर. आणि तारीख म्हणजे माणसांच्या जन्ममृत्यूच्या व गाठीभेटींच्या नोंदी, ज्यांच्या आधारे खोटे बोलणारा पकडला जाई. या विद्वानांना मुहद्दिस म्हणत. त्यांच्याविषयी दोन टोकांची मते सर्रास ऐकू येतात. एक मत असे की त्यांनी गाळून ठेवले ते सगळे निःसंशय खरे. दुसरे असे की दोनशे वर्षांनी जमवलेल्या सांगोवांगीच्या गोष्टींना इतिहासात किंमतच नाही. ही दोन्ही मते त्या कामाचे स्वरूपच चुकवतात. मुहद्दिसांची खरी कमाई गाळून उरलेल्या मजकुरापेक्षा मोठी आहे. ऐकीव गोष्ट तपासायची कशी, याची रीत त्यांनी घालून दिली, आणि त्या रीतीने आपल्याविरुद्धचा पुरावाही जपून ठेवला.

अडचण काय होती ते आधी पाहू. पैगंबर इ.स. 632 मध्ये मदीनेत निवर्तले. त्यांना पाहिलेले, त्यांच्याबरोबर राहिलेले लोक, म्हणजे सहाबा, पुढच्या काही दशकांत इराक, सीरिया, इजिप्त, येमेन असे दूरदूर पसरले. काहींनी स्वतःपुरत्या नोंदी केल्या होत्या. अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या वहीचा उल्लेख वारंवार येतो. काहींना मात्र लिहिणेच मान्य नव्हते, आणि लिहू नका व लिहा अशी दोन्ही प्रकारची वचने परंपरेत शेजारीशेजारी सापडतात. 656 मध्ये तिसरे खलीफा उस्मान यांचा खून झाला आणि समाजात यादवी माजली. मग प्रत्येक पक्षाला आपली बाजू पैगंबरांच्या तोंडून हवीशी झाली. बसऱ्याचे इब्न सीरीन 728 च्या सुमारास वारले. त्यांची साक्ष इमाम मुस्लिम यांनी आपल्या ‘सहीह’ या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. तिचा आशय असा : पूर्वी लोक सनद विचारत नसत, फितना, म्हणजे यादवी, झाल्यावर मात्र विचारू लागले की तुम्ही कोणाकडून ऐकले त्या माणसांची नावे सांगा. ही कबुली फार मोलाची आहे. पहिल्या काही दशकांत सनद विचारण्याची पद्धत सर्वत्र नव्हती, हे परंपरेबाहेरच्या टीकाकाराने शोधून काढलेले नाही. परंपरेतल्याच एका मान्यवराने ते सांगितले आणि सगळ्यांत प्रतिष्ठित ग्रंथांपैकी एकाने ते पहिल्या पानांत छापावे तसे मिरवले.

लिहून ठेवले की प्रश्न सुटला, असे आज आपल्याला वाटते. त्या काळच्या अरबी लिपीत तो सुटत नव्हता. अक्षरांवर नुक्ते, म्हणजे ठिपके, क्वचितच दिले जात आणि ऱ्हस्व स्वर तर लिहीतच नसत, त्यामुळे एकच आकार चार तऱ्हांनी वाचता येई. नुसत्या वहीवरून वाचणारा नावे आणि क्रियापदे हमखास चुकवी. या चुकीला त्यांनी तस्हीफ असे नावच ठेवले होते, आणि केवळ वह्यांतून शिकलेल्या माणसाला ते कमी लेखत. म्हणून वही हवी आणि ज्याची वही त्याच्या तोंडून ती ऐकलेलीही हवी, असा दुहेरी बंदोबस्त उभा राहिला. ‘त्यांनी आम्हाला सांगितले’ आणि ‘अमुक म्हणाले’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक मानला जाऊ लागला. पहिल्यात बोलणारा स्वतः ऐकल्याची जबाबदारी घेतो. दुसऱ्यात मधले एखादे नाव गिळलेले असू शकते. बसऱ्याचे शुअबा इब्न अल-हज्जाज (मृत्यू 776) आपले गुरू कतादा बोलू लागले की त्यांच्या ओठांकडे पाहत बसत. कतादांनी पहिले वाक्य उच्चारले की लिहून घेत, दुसरे आले की लेखणी खाली ठेवत. गुरूवर श्रद्धा होती, पण गुरूच्या क्रियापदावर पहारा होता.

याच शुअबांची एक हकिगत अल-खतीब अल-बगदादी यांनी हदीससाठी केलेल्या प्रवासांवरच्या आपल्या पुस्तकात दिली आहे. ती सविस्तर पाहण्याजोगी आहे. कूफ्यात अबू इस्हाक नावाचे वयोवृद्ध विद्वान एक हदीस सांगत होते. उक्बा इब्न आमिर नावाचे सहाबी सांगतात की आम्ही पाळीपाळीने उंट राखत असू. आपली पाळी संपवून ते आले तेव्हा पैगंबर नीट वुजू (प्रार्थनेआधी हातपाय-तोंड धुणे) करून प्रार्थना करणाऱ्याचे पुण्य सांगत होते. अबू इस्हाकांनी सनद दिली : अब्दुल्लाह इब्न अता यांच्याकडून, उक्बा यांच्याकडून. शुअबांनी विचारले, अब्दुल्लाहने हे उक्बांकडून स्वतः ऐकले का? म्हातारबुवा संतापले. जवळ बसलेले मिसअर म्हणाले, तुम्ही शेखांना दुखावलेत. अब्दुल्लाह इब्न अता मक्केत हयात आहेत, त्यांनाच विचारा. शुअबा निघाले. कूफ्यापासून मक्का हजाराहून अधिक किलोमीटर, सगळा वाळवंटाचा रस्ता. आपल्या मनात हज नव्हता, ती एक हदीस होती, असे त्यांनीच पुढे सांगितले. मक्केत अब्दुल्लाह म्हणाले, मला सअद इब्न इब्राहीम यांनी सांगितले. सअद मदीनेत होते आणि त्या वर्षी हजला आले नव्हते. शुअबा मदीनेला गेले. सअद म्हणाले, ही हदीस तर तुमच्याच मुलखातून आली, झियाद इब्न मिख्राकने सांगितली. झियाद बसऱ्याचे! शुअबा प्रवासाच्या धुळीत माखलेले, वाढलेल्या केसांनिशी आपल्या बसऱ्यात परतले आणि झियादना गाठले. झियाद टाळाटाळ करू लागले, हा तुमच्या कामाचा माल नाही म्हणाले. शेवटी त्यांनी नाव सांगितले : शह्र इब्न हौशब, त्यांनी अबू रैहाना यांच्याकडून, त्यांनी उक्बांकडून. शह्रचे नाव ऐकताच शुअबा म्हणाले, मोडली ही हदीस. कूफ्यात दोन नावांची वाटणारी सनद प्रत्यक्षात सहा नावांची निघाली. मधली चार नावे गळली होती, आणि त्या चारांत एक माणूस शुअबांच्या लेखी भरवशाचा नव्हता. ती खरी ठरली असती तर मला घरदार आणि संपत्तीपेक्षा प्रिय झाली असती, असे ते हळहळून म्हणाले.

या हकिगतीला दोन पुरवण्या आहेत आणि दोन्ही कथेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली : इतका पायपिटीचा शोध ज्यावर मोडला, त्याच आशयाची, उंट राखण्याच्या पाळीसकटची, हदीस उक्बांकडूनच दुसऱ्या वाटेने, सीरियातल्या रावींच्या, म्हणजे सांगणाऱ्यांच्या, साखळीने, इमाम मुस्लिम यांच्या ‘सहीह’मध्ये आहे. म्हणजे मजकूर बरोबर असण्याचा संभव होताच. शुअबांनी नाकारली ती ती वाट, आणि आवडता मजकूर आहे म्हणून कच्ची वाट चालवून घेतली नाही. दुसरी पुरवणी अधिक बोचरी आहे. ही लांबलचक प्रवासकथा नस्र इब्न हम्माद नावाच्या रावीने सांगितली आहे, आणि पुढच्या टीकाकारांनी खुद्द नस्रलाच कमजोर ठरवले. अर्थात कथा तिखटमीठ लावून सांगितलेली असू शकते. तरीही त्या पिढ्यांना कोणता गुण वाखाणावासा वाटत होता, हे तिच्यातून स्वच्छ दिसते. आणि मुहद्दिसांच्या थोरवीची कथा मुहद्दिसांच्याच तराजूत हलकी भरते, हे आज आपण जाणू शकतो ते त्यांनी नस्रची नोंद ठेवली म्हणूनच.

रावी भरवशाचा की नाही, हे ठरे कसे? माणूस सदाचारी आहे का, नमाजी आहे का, एवढेच पाहत असतील असा एक गैरसमज आहे. तो खोडून काढायला याह्या इब्न मईन (मृत्यू 847 च्या सुमारास) यांचे उदाहरण पुरे आहे. हम्माद इब्न सलमा नावाच्या बसरी गुरूंच्या हदीस त्यांनी त्यांच्या सतरा शिष्यांकडून उतरवून घेतल्या आणि अठराव्याकडे गेले. ही नोंद इब्न हिब्बान यांनी ठेवली आहे. सतरा प्रती असताना अठरावी कशाला, असे त्या शिष्याने विचारले. उत्तराचा मथितार्थ असा की हम्माद स्वतः चुकत असत आणि त्यांचे शिष्यही चुकत. सगळे शिष्य एकसारखेच चुकलेले दिसले तर चूक गुरूची. एकच वेगळे सांगत असेल तर चूक त्या एकाची. अशी प्रत्येक चूक तिच्या मालकाच्या नावावर टाकता येते. पोथ्यांचे पाठभेद ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्या कोणालाही ही रीत ओळखीची वाटेल. इराकमधल्या एका माणसाने ती नवव्या शतकात कागद, शाई आणि पायपीट यांच्या बळावर चालवली. म्हणजे माणसांना ज्या श्रेणी लावल्या जात, त्या चारित्र्याच्या दाखल्यावरून फारशा लावल्या जात नव्हत्या. त्यांचा मजकूर इतरांच्या मजकुराशी ताडूनच त्या लागत.

याच इब्न मईनांना येमेनमधल्या सनआ शहरात अहमद इब्न हंबल यांनी एका कोपऱ्यात बसून लिहिताना पाहिले. कोणी जवळ आले की ते कागद झाकत. लिहीत होते ते मअमर यांच्याकडून आलेले, अबान नावाच्या रावीने अनस या सहाबींच्या नावावर खपवलेले खोटे संकलन. अहमद यांनी विचारले, हे बनावट आहे हे ठाऊक असून उतरवता? आणि अबानला नावे ठेवता, मग लोक काय म्हणतील? इब्न मईन म्हणाले ते असे : बनावट आहे हे ठाऊक आहे म्हणूनच सगळे पाठ करून ठेवतो आहे. उद्या कोणी यातले अबानचे नाव पुसून साबित या भरवशाच्या माणसाचे नाव घातले, तर मी म्हणेन, खोटे, हे साबितचे नाही, अबानचे आहे. खोट्याचा संग्रह करायचा तो खोटे उद्या वेषांतर करून येईल तेव्हा ओळखू यावे म्हणून. हे ज्याला सुचले त्याला भाबडा म्हणता येणार नाही.

भाबडेपणाचा धोका त्यांना नीट कळला होता, आणि तो धर्मशीलांकडूनच अधिक होता. खलीफा अल-महदीला कबुतरांचा नाद होता. घियास इब्न इब्राहीम नावाच्या माणसाने शर्यतींविषयीच्या हदीसमध्ये त्याच्या खुशीसाठी ‘पंख’ हा एक शब्द वाढवला. ही लबाडी उघड होती आणि महदीलाही ती कळली. पण लोक कुराण वाचायला लागावेत म्हणून प्रत्येक सूरेच्या पुण्याच्या हदीस रचणारे, लोकांनी पाप सोडावे म्हणून भयकथा जोडणारे सद्हेतूचे लोक अधिक घातक होते, कारण त्यांच्यावर कोणी संशय घेत नसे. याह्या अल-कत्तान म्हणत की सज्जन लोक हदीसमध्ये जितके खोटे बोलतात तितके दुसऱ्या कशातच बोलत नाहीत. मुस्लिम यांनी त्याचा खुलासा असा केला की खोटे त्यांच्या तोंडी नकळत येते, ते मुद्दाम बोलत नाहीत. इमाम मालिक (मृत्यू 795) यांनी सांगितले की मदीनेच्या मशिदीच्या खांबांपाशी बसणारे सत्तर जण मी पाहिले, ज्यांच्यावर सरकारी खजिना सोपवला तरी ते विश्वासाला जागतील, पण त्यांच्याकडून मी हदीस घेतली नाही, कारण ते या कामातले नव्हते. सचोटी वेगळी आणि नेमकेपणा वेगळा, हा भेद इथे अगदी उघड केला आहे. म्हणूनच त्यांच्या निकालात माणसाच्या दोन बाजू लागत : तो खरे बोलतो का, आणि त्याला नीट लक्षात राहते का. म्हातारपणी स्मरण ढळले तर तेही नोंदले जाई. अता इब्न अस-साइब यांचे मन उतारवयात भ्रमले, तेव्हा त्याआधी ऐकणारे कोण आणि नंतर ऐकणारे कोण, अशी शिष्यांची वाटणीच करून टाकली. इजिप्तचे न्यायाधीश इब्न लहीआ यांचे ग्रंथ जळाले, तेव्हा जळण्याआधीच्या श्रोत्यांना एक मोल आणि नंतरच्यांना दुसरे. घरच्यांनाही सवलत नव्हती. अली इब्न अल-मदीनी यांना त्यांच्या वडिलांविषयी विचारले, तेव्हा त्यांनी आधी दुसऱ्याला विचारा म्हटले. आग्रह झाल्यावर मान खाली घालून सांगितले की हा धर्माचा मामला आहे, माझे वडील जईफ आहेत.

बुखारी आणि मुस्लिम यांच्याविषयी बोलण्याची रीत अशी की सगळे तिथूनच सुरू झाले. खरे तर ते शेवटाकडचे. बुखाऱ्यात 810 साली जन्मलेले इमाम बुखारी आणि नीशापूरचे इमाम मुस्लिम (मृत्यू 875) यांच्या पुढ्यात दीडशे वर्षांची तपासणी तयार होती. बुखारींनी सहा लाख कथनांतून निवड केल्याचे सांगतात आणि त्या आकड्याने नवखा वाचक गडबडतो. हे सहा लाख बोल नव्हेत, सहा लाख वाटा. एकच वाक्य दहा साखळ्यांनी आले तर ते दहा मोजले जाई. त्यांच्या ग्रंथात पुनरुक्ती धरून सात हजारांहून अधिक कथने आहेत आणि ती वगळली तर अडीच हजारांच्या आसपास. दोघांत एक मूलभूत मतभेद होता. गुरू आणि शिष्य एकदा तरी भेटल्याचा पुरावा बुखारी मागत. मुस्लिम यांच्या मते दोघे समकालीन असून भेट शक्य असेल आणि शिष्य नावे गिळणारा नसेल तर तेवढे पुरे. आपल्या प्रस्तावनेत त्यांनी कडक अट घालणाऱ्यावर, नाव न घेता, चांगलेच कोरडे ओढले आहेत. ‘सर्वांत विश्वासार्ह’ म्हणून ज्यांची नावे एका दमात घेतली जातात, त्यांच्यात पुरावा कशाला म्हणावे यावरच एकमत नव्हते. तो वाद ग्रंथात लिहिलेला आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की या लोकांनी सांगणारे तपासले, सांगितलेले तपासलेच नाही. इब्न मईनांच्या सतरा प्रती पाहिल्यावर हा आक्षेप तसाच्या तसा उभा राहू शकत नाही. शिवाय मजकुरावर शंका घेण्याची सुरुवात फार आधी, पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्यापासून झालेली दिसते. नातलगांच्या रडण्यामुळे मृताला यातना होतात, ही हदीस इब्न उमर हे सहाबी सांगत. आयेशांनी ती फेटाळली. त्यांचे म्हणणे, इब्न उमर खोटे बोलत नाहीत, पण त्यांची ऐकण्यात चूक झाली. पैगंबर एका विशिष्ट मृत स्त्रीविषयी बोलत होते, आणि कोणी दुसऱ्याचे ओझे वाहत नाही ही कुराणाची शिकवण आहे. पुढे अज-जर्कशी यांनी आयेशांच्या अशा दुरुस्त्यांचे स्वतंत्र पुस्तक केले. आणि बुखारींनी काय केले? इब्न उमर यांचे कथन ठेवले आणि आयेशांचा नकारही ठेवला. पण आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे म्हणणेही बरोबर नाही. मजकूर अशक्य वाटला तरी सनद निर्दोष असेल तर पुष्कळ टीकाकारांनी ती मोडण्याऐवजी अर्थ लावण्याची वाट धरली. मजकुरावरचा संशय बहुधा एखाद्या रावीवरच्या शेऱ्याच्या आडून व्यक्त होई, उघडपणे कमी. तिथे ही रीत जितकी निर्भय असू शकली असती तितकी झाली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हंगेरीचे इग्नाझ गोल्डझिहर यांनी 1890 मध्ये मांडले की बऱ्याचशा हदीस नंतरच्या पक्षांच्या आणि मतांच्या भांडणांतून जन्मल्या. 1950 मध्ये जोसेफ शाख्त यांनी त्यापुढे जाऊन म्हटले की सनदा मागे मागे वाढत गेल्या : आधी एखाद्या फकीहाचे, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाचे, मत, मग ते सहाबींच्या नावावर, शेवटी पैगंबरांच्या. ही निरीक्षणे पोरकट नाहीत. मात्र मुहद्दिसांना याची कल्पनाच नव्हती, हे गृहीत धरणे चूक आहे. सहाबींचे वाक्य पैगंबरांपर्यंत ‘चढवणे’ या दोषाला त्यांच्याकडे नाव होते, आणि दडलेल्या दोषांवर ‘इलल’ नावाची ग्रंथांची एक शाखाच होती. इब्न अबी हातिम आणि दारकुत्नी यांचे त्या विषयावरचे ग्रंथ उघडावेत : पानोपानी निकाल असे की ही सनद पैगंबरांपर्यंत जोडणे चूक, बरोबर एवढेच की हे अमक्या सहाबींचे स्वतःचे मत. विसाव्या शतकातल्या टीकाकाराला जो कल दिसला, त्याची एकेक उदाहरणे दहाव्या शतकातल्या विद्वानांनी नावनिशीवार टिपून ठेवली होती. नंतर हॅराल्ड मोत्स्की यांनी सनआचे अब्दुर्रज्जाक (मृत्यू 827) यांचा ‘मुसन्नफ’ तपासला तो याच अंगाने. त्यात इब्न जुरैज आपले गुरू अता (वर आलेले इब्न अस-साइब हे नव्हेत) यांची मते देतात, पण कुठे म्हणतात हे मी स्वतः ऐकलेले नाही, कुठे शंका व्यक्त करतात, आणि पुष्कळदा पैगंबरांचे वचन न देता अतांचे निव्वळ मत देतात. ज्याला बनवाबनवीच करायची, तो इतके दुबळे का बनवील?

दोनशे वर्षांच्या पोकळीचा मुद्दाही असाच कमी करता येतो, पूर्ण बुजवता मात्र येत नाही. मूळ हैदराबादचे आणि पॅरिसमध्ये राहून काम केलेले डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी अबू हुरैरा या सहाबींचे शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांची वही बर्लिन आणि दमास्कस इथल्या हस्तलिखितांवरून 1953 मध्ये छापली. तिच्यात 138 हदीस आहेत. त्या अहमद इब्न हंबल यांच्या ‘मुस्नद’मध्ये जवळपास जशाच्या तशा सापडतात. हम्माम ते मअमर, मअमर ते अब्दुर्रज्जाक, तिथून अहमद असा प्रवास करून मजकूर फारसा हललेला नाही, याचा हा पुरावा. तो हम्मामपर्यंत पोचतो. हम्मामच्या पलीकडे, अबू हुरैरांच्या ओठांपर्यंत आणि तिथून पैगंबरांपर्यंत, हाच पुरावा जाऊ शकत नाही, आणि तसा दावा करणारे लेखक उत्साहाच्या भरात बोलतात. सनदेच्या टोकाशी मुहद्दिसांनी स्वतःच तपासणी थांबवली. सर्व सहाबा विश्वासार्ह, हा त्यांचा निर्णय श्रद्धेचा होता, चौकशीअंती लागलेला निकाल नव्हता. शिया परंपरेने हाच निर्णय नाकारला आणि म्हणून तिचे संग्रह, अल-कुलैनींच्या ‘अल-काफी’पासून, वेगळे झाले. इतिहासकाराने ही रेघ जिथे आहे तिथेच दाखवली पाहिजे : आठव्या शतकाच्या आरंभापासून पुढे ही यंत्रणा विलक्षण काटेकोर आहे, त्यामागच्या साठसत्तर वर्षांत तिचा कंदील मंद होतो.

एवढे मान्य केल्यावरही मूळ मुद्दा शाबूत राहतो. हा कंदील कुठे मंद होतो, हे आपण ओळखू शकतो ते कशाच्या आधारावर? इब्न सीरीन यांची कबुली, इललच्या ग्रंथांतले दोष, भ्रमलेल्या रावींच्या याद्या, आयेशांचे नकार, बनावट वह्यांच्या प्रती, यांच्याच आधारावर. प्राचीन जगातल्या दुसऱ्या कोणत्याही तोंडी परंपरेने आपल्या सांगणाऱ्यांची इतकी कसून झडती घेतल्याचे आणि ती झडती खुली ठेवल्याचे उदाहरण सहज सापडत नाही. बुखारींच्या ‘तारीख’मध्ये बारा हजारांहून अधिक आणि इब्न अबी हातिम यांच्या ‘जर्ह व तादील’मध्ये अठरा हजारांच्या आसपास माणसे आहेत : कोणाकडून ऐकले, कोणाला सांगितले, कुठे राहिले, किती विश्वासाचे. यांत सराफ, विणकर, काझी, मुक्त झालेले गुलाम आहेत आणि स्त्रियाही आहेत. राजांची नावे सोडून सामान्य माणसांचा असा पट मांडणारे साहित्य त्या शतकांत दुर्मिळ आहे.

या साहित्याचा दख्खनशी खरा संबंध आहे आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या बुऱ्हाणपुरात जन्मलेल्या अली मुत्तकी (मृत्यू 1567) यांनी मक्केत राहून ‘कन्झुल उम्माल’ हा हदीसचा प्रचंड विषयवार संग्रह केला. त्याहून मोठे काम 1888 मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफ या संस्थेचे. मराठवाडा ज्या निजामी राज्याचा भाग होता त्याच्याच खजिन्यातून तिला मदत मिळत असे. बुखारींचा ‘तारीख’, इब्न अबी हातिम यांचा ‘जर्ह व तादील’, अज-जहबींचा ‘तज्किरतुल हुफ्फाज’ हे रावीशास्त्राचे पायाभूत ग्रंथ हस्तलिखितांतून काढून तिथे छापले गेले. येमेनचे विद्वान अब्दुर्रहमान अल-मुअल्लिमी यांनी त्यांच्या संपादनासाठी सुमारे पंचवीस वर्षे त्या शहरात घालवली. कैरो आणि दमास्कसचे अभ्यासक हैदराबादी प्रतींवर अवलंबून राहत. इब्न हजर (मृत्यू 1449) यांचा ‘तह्जीबुत् तह्जीब’ 1907 ते 1909 या काळात इथूनच बारा खंडांत निघाला. त्यात शह्र इब्न हौशब यांची नोंद आहे. शुअबांनी त्यांना टाकले हे तिथे लिहिले आहे, आणि अहमद इब्न हंबल व इब्न मईन यांनी त्यांना भरवशाचे म्हटले, हेही त्याच नोंदीत लिहिले आहे.